दवाखान्यातला लांबलेला मुक्काम आणि सोबतीचं माणूस

आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात मोठं दुखणं आलं की माणूस गाव सोडतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. त्यामुळं निपाणीचा पेशंट कधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जातो, कधी मिरजेला, तर कधी बेळगावला. उलट चंदगड-गडहिंग्लजकडची माणसं महाराष्ट्रातून बेळगाव गाठतात. बेळगावात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३ मध्ये सुरू झालं, पुढं केएलई संस्थेचं मोठं रुग्णालय उभं राहिलं, सिव्हिल हॉस्पिटल ‘बिम्स’ या वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं. उपचार जवळ आले. पण मांडीचं हाड मोडलेला शेतकरी, अर्धांगाचा झटका आलेली आजी, भाजलेली सून, फुप्फुसात पाणी झालेला विडी कामगार यांचा मुक्काम अजूनही तीन-चार दिवसांत आटोपत नाही. ‘सोमवारी सोडतील’ म्हणता म्हणता तीन सोमवार जातात.

अशा मुक्कामात घरच्यांचं सगळं लक्ष मूळ आजारावर असतं आणि ते साहजिकच आहे. पण आठवडा उलटला की त्या आजाराच्या शेजारी दुसरा आजार येऊन बसतो. तो अंथरुणाचा असतो. पहिल्याशी डॉक्टर लढतात. दुसऱ्याशी लढायचं काम बरंचसं पेशंटच्या आणि त्याच्या सोबत राहणाऱ्या माणसाच्या हातात असतं, आणि तेच त्यांना कुणी नीट सांगत नाही. म्हणून हा लेख.

अंथरुण काय काय हिरावून घेतं

‘आजारी माणसानं पडून राहावं’ हे आपल्या मनात खोलवर रुजलं आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झोपून राहण्याच्या धोक्यांवर एक लेख लिहिला आणि अंथरुणानं शरीराच्या एकेका अवयवाचं काय होतं ते ओळीनं मांडलं. छातीत कफ साचतो, पायाच्या शिरांत रक्त गोठतं, कातडीवर जखमा होतात, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, लघवीला आणि शौचाला अडतं, मन खचतं.

पुढच्या संशोधनानं याला आकडे दिले. अमेरिकेत डॅलस इथं १९६६ मध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. दमसास मोजला तेव्हा तो चौथ्या हिश्शाहून जास्त उतरला होता. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयानं त्यांची जेवढी ताकद नेली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस झोपवलं, तर दोन्ही पायांतून मिळून सुमारे एक किलो स्नायू झडला. ही निरोगी माणसं होती. ताप, जंतुसंसर्ग, ऑपरेशन आणि अर्धपोटी जेवण यांची भर पडली की काय होत असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो. ‘दवाखान्यात चालत गेले आणि खुर्चीवरून परत आले’ असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यांतल्या कित्येकांना आजारापेक्षा अंथरुणानंच जास्त बसवलेलं असतं.

विश्रांती हेच औषध होतं तो काळ

लांब मुक्कामाशी या भागाची ओळख जुनी आहे. डॉ. विल्यम वान्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं. पुढं सांगली-मिरज रस्त्यावर त्यांच्याच नावाच्या वान्लेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा मोकळी हवा, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार होता. रोगी महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं तिथं राहत.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. तरी सॅनेटोरियम हवंच, ही समजूत कायम होती. ती मोडली आपल्याच देशात. मद्रासमध्ये १९५६ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्रानं गरीब वस्त्यांतल्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन घरीच राहू दिलं. सॅनेटोरियममधल्यांना खाणं चांगलं होतं, विश्रांती भरपूर होती. तरीही १९५९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखीच निघाली, आणि रोगी घरी राहिल्यानं घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. त्यानंतर जगभरची सॅनेटोरियमं रिकामी होत गेली. गरज आहे तेवढंच अंथरुण, हा धडा जगानं मद्रासच्या वस्त्यांतून घेतला.

त्याच काळात बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावी गावचा एक तरुण गवई क्षयानं अंथरुणाला खिळला होता. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व. जन्म १९२४ चा. लहानपणापासून मैफली गाजवलेल्या या गायकाला ऐन चोविशीत डॉक्टरांनी गाणं पूर्ण बंद करायला सांगितलं. कोरड्या हवेसाठी ते १९४८ च्या जानेवारीत मध्य भारतात देवासला गेले आणि पुढची पाचेक वर्षं बहुतेक अंथरुणावर राहिले. पत्नी भानुमती स्वतः शिकलेल्या गायिका होत्या. त्यांनी शाळेत नोकरी करून घर चालवलं आणि शुश्रूषाही केली. गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. माळव्यातल्या बायकांची लोकगीतं, रस्त्यानं जाणाऱ्या भजन्यांचे सूर कुमारजी पडल्या पडल्या ऐकत राहिले, मनात साठवत राहिले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला नवं औषध मिळालं आणि १९५३ च्या सुमारास ते मैफलीत परतले. एक फुप्फुस निकामी झालं होतं, म्हणून त्यांनी गाण्याची मांडणीच बदलली. लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले आणि ते १९६५ च्या ‘अनूपरागविलास’मध्ये ग्रंथित झाले.

प्रत्येक पेशंट कुमार गंधर्व नसतो आणि आजारपणातून काहीतरी मोठं घडलंच पाहिजे, असा भार कुणावर टाकू नये. तरी या उदाहरणात दोन गोष्टी प्रत्येकाच्या कामाच्या आहेत. जे करता येत नाही त्याच्या शेजारी, जे करता येतं असं काहीतरी रोज हवं. आणि सोबतीला खंबीर माणूस हवं.

कूस, पाऊल आणि श्वास

आता प्रत्यक्ष कामाकडं येऊ. खाली सांगितलेलं सगळं डॉक्टरांना आणि सिस्टरना विचारूनच करायचं. मणक्याच्या, हृदयाच्या किंवा नुकत्याच ऑपरेशन झालेल्या पेशंटला वेगळे नियम असतात.

पहिलं काम कुशीचं. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. शरीराचा भार एकाच जागी राहिला की हाड आणि गादीच्या मध्ये कातडी चिरडते, तिथलं रक्त थांबतं आणि जखम आतून सुरू होते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज उजेडात पाहाव्यात. लाल डागावर बोट दाबून सोडावं. तो क्षणभर पांढरा पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली असं समजावं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं काळपटपणा, ऊब किंवा घट्टपणा हाताला लागतो. अशा जागी स्पिरिट लावून चोळण्याची जुनी सवय आहे. ती सोडावी, चोळल्यानं आतली दुखावलेली कातडी आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही वापरू नये, तिच्या कडांचा दाब पडतो. हवेची गादी मिळाली तरी कूस बदलणं थांबवायचं नाही. कॉटच्या उशाशी कागद चिकटवून त्यावर लिहावं: ८ डावी कूस, १० उताणं, १२ उजवी कूस. रात्रपाळीला आलेल्या भावाला मग कुणाला विचारावं लागत नाही.

दुसरं काम पावलाचं. डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवसापासून पेशंटनं जेवण तरी कॉटच्या कडेला किंवा खुर्चीत बसून घ्यावं. झोपलेल्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. आधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसवावं, मग उभं करावं. आज संडासापर्यंत, उद्या वॉर्डाच्या दारापर्यंत, परवा जिन्यापर्यंत. उठणं शक्यच नसेल तर झोपल्या जागी पावलं वर-खाली हलवणं, गुडघे आवळून सोडणं, मुठी मिटणं हे तासातासाला करता येतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर लगेच सिस्टरना सांगावं आणि तो पाय तेल लावून मुळीच चोळू नये. शिरेत गोठलेली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

तिसरं काम श्वासाचं. ऑपरेशननंतर तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं उपकरण देतात. पुष्कळदा ते कॉटशेजारच्या कपाटावर धूळ खात पडतं. त्यात श्वास सावकाश आत ओढायचा असतो, फुंकायचा नसतो. जागेपणी तासातासाला आठ-दहा वेळा ओढला की फुप्फुसाचा तळ उघडा राहतो आणि न्यूमोनियाची शक्यता कमी व्हायला मदत होते.

चौथी गोष्ट नळीची. लघवीची नळी जितके दिवस राहते तितकी जंतुसंसर्गाची शक्यता वाढत जाते. म्हणून राऊंडला डॉक्टर आले की एक प्रश्न नेमानं विचारावा, ‘सर, ही नळी अजून लागणार आहे का?’ या प्रश्नाचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही. आणि पेशंटला हात लावण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवावेत. व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये नुसत्या हात धुण्यानं बाळंतिणींचे मृत्यू घटवून दाखवले होते. तो उपाय आजही तितकाच लागू आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

डब्यात काय हवं

आजारी माणूस म्हटलं की पेज, चहा-खारी, नारळपाणी आणि फार तर मोसंबी. पहिले दोन दिवस ठीक. महिनाभर हेच चाललं तर जखम भरत नाही आणि स्नायू झडत जातात. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या म्हाताऱ्या आजारी माणसाला दर किलो वजनामागं रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या आजीला साधारण ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात तेवढीच. हिशोब केला की पेजेचा डबा किती तोकडा पडतो ते कळतं. मुगाचं घट्ट वरण, अंडी, दही, मऊ भाकरी कुस्करून दूध, शेंगदाण्याची पातळ चटणी, खाणारा असेल तर माशाचं किंवा कोंबडीचं कालवण, असं थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. साखर, किडनी किंवा हृदयाचा विकार असेल तर आहारतज्ज्ञांकडून हे बदलून घ्यावं.

एक सूचना मात्र जिवाइतकी मोलाची आहे. अर्धांगाचा झटका आलेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या पेशंटच्या तोंडात डॉक्टरांनी सांगेपर्यंत काहीही घालू नये. चमचाभर पाणी नको, तीर्थही नको. गिळण्याची क्रिया बिघडलेली असली तर ते श्वासनलिकेत जातं. माया दाखवायची असेल तर ओल्या कापसानं ओठ पुसावेत.

‘बाबा असं का बोलायला लागले?’

लांब मुक्कामात घरच्यांना सगळ्यांत जास्त घाबरवणारा प्रकार हा असतो. परवापर्यंत नीट बोलणारे वडील संध्याकाळ झाली की सुया उपसतात, गेलेल्या माणसांशी बोलतात, मुलालाच ‘तू कोण?’ म्हणतात. सकाळी पुन्हा बरे असतात. मग कुणी म्हणतं वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं आहे, गावाकडून अंगारा येतो. अंगाऱ्यानं मनाला आधार मिळत असेल तर लावावा, पण त्याआधी डॉक्टरांना सांगावं. याला वैद्यकात डिलिरियम म्हणतात. आजारी शरीरामुळं मेंदू तात्पुरता गोंधळतो. लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, वेदना, नवं औषध, सलग न झालेली झोप, यांतलं काहीतरी मागं असतं, आणि ते सापडलं की बहुतेकांचा गोंधळ ओसरतो.

यावर अमेरिकेत येल इथं डॉ. शॅरन इनौये यांनी मोठा प्रयोग केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तरी ओलांडलेल्या ८५२ पेशंटांपैकी निम्म्यांकडं विशेष लक्ष दिलं. त्यांना रोज तारीख-वार आणि कुठं आहोत ते सांगितलं, चष्मा आणि कानाचं यंत्र दिलं, वेळेवर पाणी पाजलं, हिंडवलं, रात्री गोंगाट कमी केला. इतरांत डिलिरियमचं प्रमाण १५ टक्के होतं, या गटात ते १० टक्क्यांच्या आत आलं. या कामासाठी तिथं खास स्वयंसेवक तयार करावे लागले. आपल्याकडं ते काम करणारा मुलगा, सून, भाचा कॉटशेजारी आधीच बसलेला असतो. त्याला फक्त काय करायचं ते माहीत नसतं.

म्हणून घरून येताना चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, घड्याळ आणि दिनदर्शिका आणावी. सकाळी पडदा उघडावा, रात्री मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. खिडकीजवळची कॉट मिळाली तर उत्तम. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ पेशंटांची नोंद तपासली. ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. सीमाभागात आणखी एक भर घालावीशी वाटते. सिस्टर आपसांत कन्नडमध्ये, डॉक्टर इंग्रजीत, शेजारचा पेशंट हिंदीत बोलत असतो. अशा वेळी गोंधळलेल्या आजीला तिच्या रोजच्या मराठीत, तिला ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं बोलणारं माणूस जवळ असणं फार मोठा आधार आहे.

निपाणी-चिकोडीच्या तंबाखूच्या पट्ट्यात या गोंधळाचं एक कारण हमखास निसटतं. तंबाखू, मिसरी, विडी दवाखान्यात एकदम बंद होते. दिवसाच्या आत चिडचिड, बेचैनी, निद्रानाश सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळस गाठतो आणि दोन-चार आठवड्यांत शमतो. दारूचं प्रकरण याहून गंभीर. रोज पिणाऱ्याची दारू तुटली की पहिल्या चार दिवसांत हात थरथरणं, भास, फिट्स येऊ शकतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून ॲडमिट करतानाच ‘मिसरी लावते’, ‘रोज घेतो’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. लाज धरून लपवलं तर उपचार चुकतो. तंबाखू सुटण्यासाठी दवाखान्याचा मुक्काम ही मोठी संधीही आहे. धूम्रपानानं जखम आणि मोडलेलं हाड उशिरा भरतं, हे पेशंटला त्याच्याच पायाकडं बोट दाखवून समजावता येतं. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११२ ३५६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. आणि पेशंट किंवा घरचं कुणी फारच खचलं असेल तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

वही, कागद आणि सीमा

पहिल्याच दिवशी शंभर पानी वही आणावी. रोज एक पान. वर तारीख आणि कितवा दिवस, खाली ताप, काय खाल्लं, लघवी-शौच, किती पावलं चालले, डॉक्टर काय म्हणाले आणि उद्या काय विचारायचं. राऊंड दोन-तीन मिनिटांत आटोपतो. प्रश्न लिहिलेले असले तरच ते विचारले जातात. सोबतीचं माणूस बदललं तरी वही बदलत नाही. युरोपात कित्येक अतिदक्षता विभागांत नर्स आणि नातेवाईक अशीच रोजनिशी लिहितात. बेशुद्धीतून बाहेर आलेल्या माणसाला हरवलेले दिवस त्यातून परत जुळवता येतात. आपल्याही वहीत डॉक्टरांच्या शब्दांखाली दोन ओळी घरच्या लिहाव्यात: ‘आज म्हशीला रेडकू झालं’, ‘नातीचा निकाल लागला’.

सीमाभागात कागदांचा घोळ मोठा. कर्नाटकात ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. तातडीची वेळ नसेल तर खासगी रुग्णालयात जाण्यासाठी सरकारी दवाखान्याचं पत्र लागतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जाहीर केली, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. पेशंटला मात्र त्या वादाशी देणंघेणं नसतं, त्याला उपचार हवे असतात. म्हणून राज्य ओलांडण्याआधीच त्या रुग्णालयात योजनेसाठी नेमलेल्या ‘आरोग्यमित्रा’ला फोन करून आपलं कार्ड तिथं चालतं का ते विचारून घ्यावं. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत तयार ठेवावेत. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असलं तर अर्थ मराठीत समजल्याशिवाय सही करू नये. आणि आपल्या उपचारांच्या नोंदींची मागणी केली तर त्या ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत, असा २००२ पासूनचा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे, हे लक्षात असू द्यावं.

सोबतीच्या माणसाची सोबत

सोबतीचं माणूस बहुधा बाईमाणूस असतं. दोन कॉटच्या मध्ये चटई टाकून झोपतं, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन जिने उतरतं, उरलेल्या डब्यावर भागवतं. निपाणीच्या विडी कामगार बाईला हजार विड्यांमागं मजुरी मिळते. ती आईजवळ महिनाभर बसली की महिन्याची मजुरी शून्य, आणि दवाखान्याच्या खर्चात हा आकडा कुणी धरत नाही. पंधरा दिवसांत तीच आजारी पडते.

पेशंट बघायला टेम्पो भरून माणसं येतात, दहा मिनिटं बसतात, पिशवीभर सफरचंदं ठेवून जातात. भावना खरी असते. पण त्यातल्या प्रत्येकानं ‘बघून जातो’च्या ऐवजी ‘गुरुवारची रात्र मी बसतो, तू घरी जाऊन झोप’ असं म्हटलं तर ती सफरचंदांपेक्षा कितीतरी मोठी मदत आहे. पहिल्या आठवड्यातच घरात बसून पाळ्या ठरवाव्यात. रात्री कोण, डबा कोण, कागदपत्रं कोण, गावाकडची जनावरं आणि पोरांची शाळा कोण. बेळगावात राहणाऱ्या नातेवाइकानं आंघोळीला आणि चार तास झोपायला घर उघडं ठेवलं तरी पुष्कळ.

रुग्णालयांनीही या माणसाकडं गर्दी म्हणून पाहणं सोडलं पाहिजे. कर्नाटकातच, नारायणा हृदयालयात, ‘नूरा हेल्थ’ या संस्थेनं नातेवाइकांना शुश्रूषा शिकवण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढं तो अनेक सरकारी रुग्णालयांत गेला. वॉर्डातच पेशंटच्या घरच्यांना सिस्टर शिकवतात. असा वर्ग सीमाभागातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात कन्नडबरोबर मराठीतही भरायला हवा.

घरी परतताना

डिस्चार्ज मिळाला म्हणजे संपलं, असं नसतं. अमेरिकेतल्या वयस्क पेशंटांपैकी जवळपास पाचवा हिस्सा महिन्याभरात पुन्हा दाखल होतो, आणि कित्येकदा पहिल्यापेक्षा वेगळ्याच कारणानं: पडणं, न्यूमोनिया, औषधांची गफलत. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हार्लन क्रमहोल्ट्झ यांनी २०१३ मध्ये या नाजूक काळाकडं जगाचं लक्ष वेधलं. झोप मोडलेली, वजन उतरलेलं, पाय लटपटणारे, डोकं बधिर. अशा अवस्थेत माणूस घरी येतो.

म्हणून निघण्याआधी पाच गोष्टी मराठीत समजून घ्याव्यात आणि त्याच सिस्टरना उलट सांगून दाखवाव्यात: कोणती गोळी कधी आणि किती दिवस, जुन्या गोळ्यांपैकी कोणत्या बंद, जखमेची काळजी कशी, कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब यायचं, आणि पुन्हा दाखवायची तारीख. आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात, त्याची चौकशी करावी. घरात कॉट संडासाजवळ आणावी, उंबऱ्यापाशी आणि न्हाणीत धरायला दांडी ठोकावी. अंथरुणावर गेलेली ताकद परत यायला गेलेल्या दिवसांच्या कितीतरी पट दिवस लागतात, हे पेशंटलाही सांगावं आणि घरच्यांनीही ऐकून ठेवावं.

आपल्याकडं पेशंटला एकटं सोडत नाहीत. पुढारलेल्या देशांतल्या रुग्णालयांना जे स्वयंसेवक शोधून उभे करावे लागले, ते आपल्या प्रत्येक वॉर्डात रात्री चटई टाकून झोपलेले आहेत. तुमच्या ओळखीचं कुणी आज बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेला ॲडमिट असेल, तर या आठवड्यात नुसतं बघायला जाऊ नका. एक रात्र तिथं राहा, दर दोन तासांनी कूस बदला, आणि जे माणूस तीन आठवडे तिथं बसलं आहे त्याला घरी झोपायला पाठवा.